उपासनेत पुढे, कारभारात मागे

राळेगाव तालुक्यातील एखाद्या ग्रामपंचायतीत सरपंचाच्या खुर्चीवर बाई बसलेली असणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांसाठी एक-तृतीयांश जागा राखून ठेवल्या आणि २०११ साली महाराष्ट्राने हे प्रमाण निम्म्यावर नेले. निंदणाला जाणारी, कापूस वेचणारी बाई आज पाण्याच्या टाकीचा ठराव मांडते आणि ग्रामसेवकाला खर्चाचा तपशील विचारते. पुष्कळ ठिकाणी तिच्या तोंडून तिच्या नवऱ्याचाच आवाज निघतो, हे खरे आहे. परंतु पाच-दहा वर्षांत कुठे कुठे तो आवाज तिचा स्वतःचा होऊ लागतो, हेही तितकेच खरे आहे. खुर्ची मिळाल्याखेरीज आवाज फुटत नाही, हा या सुधारणेचा साधा धडा आहे.

हीच बाई ख्रिस्ती असली तर रविवारी सकाळचे चित्र बहुधा निराळे असते. देवालयाची झाडलोट तिने केलेली असते, फुले तिने मांडलेली असतात, गायनात तिचा सूर सर्वांत वर असतो आणि संडे स्कूलची मुले तिनेच रांगेत बसविलेली असतात. उपासना संपते, मंडळीच्या कमिटीची बैठक भरते, अर्पणाचे पैसे मोजण्यास आरंभ होतो आणि ही बाई चहाच्या भांड्यांकडे वळते. गावाचा हिशेब विचारणारी स्त्री मंडळीचा हिशेब विचारीत नाही आणि तिला तो कोणी आपणहून सांगत नाही. सर्वच मंडळ्यांत असे घडते असे म्हणणे अन्यायाचे होईल. काही शहरी मंडळ्यांत स्त्रिया कमिटीवर आहेत, काही ठिकाणी त्या उपदेशही करतात. पण महाराष्ट्रातील लहान गावांच्या मंडळ्यांशी ज्यांचा परिचय आहे, त्यांना वरील चित्र ओळखीचे वाटल्यावाचून राहणार नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या एक टक्क्याच्या आसपास होती. तेव्हा हा एका लहानशा समाजाचा घरगुती प्रश्न आहे, इतरांना त्याचे काय, असे एखाद्या वाचकास वाटणे शक्य आहे. तथापि ज्या शिक्षणसंस्थेत आपण नोकरी करतो, ज्या पतसंस्थेचे आपण सभासद आहोत, ज्या देवस्थानाला आपण वर्गणी देतो, तेथील कार्यकारी मंडळाची यादी डोळ्यांसमोर आणली तर हा प्रश्न आपल्याही दारात उभा असल्याचे दिसून येईल. स्त्रियांचे श्रम घ्यावयाचे आणि निर्णय पुरुषांनी करावयाचे, ही रीत कोणा एका धर्माची मक्तेदारी नाही. ख्रिस्ती मंडळ्यांचे उदाहरण बोधप्रद ठरते ते एवढ्यासाठी की, येथे समतेच्या बाजूचा युक्तिवाद फार जुना आहे, स्त्रिया शिकलेल्या आहेत, बऱ्याच ठिकाणी नियमही अनुकूल आहेत, आणि तरीही व्यवहार जागचा हललेला नाही.

यवतमाळचा विसरलेला वारसा

मंडळीतील स्त्री-पुरुष समतेचा विषय निघाला की, हे अलीकडे परदेशातून आलेले खूळ आहे, असे उत्तर हमखास मिळते. यवतमाळ जिल्ह्यात तरी हे उत्तर टिकणारे नाही. या जिल्ह्यात ख्रिस्ती धर्माचे काम मुख्यतः फ्री मेथडिस्ट मिशनने उभे केले. १८८० च्या दशकाच्या आरंभी अर्नेस्ट वॉर्ड आणि त्यांच्या पत्नी फीबी वॉर्ड हे अमेरिकन दांपत्य भारतात आले. त्यांचे आरंभीचे काम बऱ्हाणपूरच्या बाजूस झाले आणि पुढे यवतमाळ हे या मिशनचे प्रमुख केंद्र बनले. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांना राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात ज्या गोऱ्या सहप्रवाशाने बायबलची प्रत दिली, तो हाच अर्नेस्ट वॉर्ड होता, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. पुढे १९५३ साली यवतमाळ येथे युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. १९८३ साली ती पुण्यास हलविली जाईपर्यंत तीस वर्षे देशाच्या निरनिराळ्या भागांतील विद्यार्थी धर्मशास्त्र शिकण्यासाठी यवतमाळला येत असत.

या फ्री मेथडिस्ट पंथाची स्थापना १८६० साली अमेरिकेत झाली. त्याच्या संस्थापकांत अग्रणी असलेले बेंजामिन टायटस रॉबर्ट्स यांनी १८९१ साली स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा द्यावी या एकाच मागणीसाठी संपूर्ण पुस्तक लिहिले. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १८९० साली, पंथाच्या सर्वसाधारण परिषदेत हा प्रस्ताव फेटाळला गेला होता आणि हे पुस्तक म्हणजे त्या पराभवाला दिलेले उत्तर होते. गुलामगिरीच्या समर्थनार्थही कालपरवापर्यंत शास्त्रवचने पुढे केली जात होती, याची रॉबर्ट्स यांनी आपल्या वाचकांना आठवण करून दिली. पूर्वग्रह आधी असतो आणि वचने मागाहून शोधली जातात, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. १८९३ साली ते वारले. स्वतःच्या पंथाला आपले म्हणणे पटल्याचे त्यांना पाहावयास मिळाले नाही. १९११ साली स्त्रियांना डीकन या पहिल्या पायरीवर घेण्यात आले आणि संपूर्ण दीक्षेचा हक्क त्यांना मिळाला तो १९७४ साली.

पुस्तक आणि ठराव यांच्यामध्ये ८३ वर्षे गेली. ठराव झाल्यालाही आता अर्धशतक उलटले आहे. ज्या पंथाच्या संस्थापकानेच हा वाद १८९१ साली मांडला, त्या पंथाच्या जिल्ह्यात तरी समतेची मागणी ही नवी किंवा उपरी म्हणता येणार नाही. ती या मंडळ्यांच्या स्वतःच्या वारशाचाच भाग आहे. विसर पडला आहे तो वारशाचा.

रमाबाई आणि लक्ष्मीबाई

मराठी ख्रिस्ती समाजाजवळ याहूनही जवळचा वारसा आहे. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे त्या चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या महाविद्यालयात राहिल्या. तेथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याची गोष्ट निघाली, तेव्हा भारतातील अँग्लिकन बिशपांकडून हरकत घेण्यात आली. स्त्रीने पुरुषांना शिकविले तर हिंदुस्थानात तिचे वजन राहणार नाही, असे कारण देण्यात आले. रमाबाईंना या युक्तिवादाचे आश्चर्य वाटले ते स्वाभाविकच होते. धर्मांतरापूर्वी, कलकत्त्यापासून पुण्यापर्यंत, विद्वान पुरुषांनी भरलेल्या सभांतून त्या बोलत आलेल्या होत्या. सनातनी म्हणून ज्यांना नावे ठेवली जात, त्या समाजाने ऐकून घेतलेली स्त्री सुधारलेल्या म्हणविणाऱ्या धर्मपीठाला पुरुषांसमोर नको होती. आपल्या विवेकबुद्धीवर कोणाही धर्माधिकाऱ्याची सत्ता चालू देणार नाही, अशी भूमिका रमाबाईंनी घेतली आणि ती अखेरपर्यंत सोडली नाही.

१८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात हिंडून त्यांनी निराधार मुली आणि विधवा गोळा केल्या आणि केडगावच्या मुक्ती सदनात त्यांना आश्रय दिला. तेथे स्त्रियांनी शेती केली, छापखाना चालविला. हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा स्वतः शिकून रमाबाईंनी संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले आणि ते मुक्तीच्या छापखान्यात, तेथील स्त्रियांच्या हातांनी छापले गेले. १९२२ साली रमाबाई निवर्तल्या. ज्या स्त्रीने शास्त्रग्रंथ मुळापासून मराठीत आणला, तिच्या भगिनींनी त्या ग्रंथावर प्रवचन करावे की नाही याची चर्चा तिच्या मागे शंभर वर्षे चालावी, हा विरोधाभास लक्षात घेण्यासारखा आहे.

लक्ष्मीबाई टिळकांची कथा मराठी वाचकास अधिक परिचित आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, त्यानंतर काही वर्षे लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर राहिल्या आणि स्वतःच्या मनाची खात्री पटल्यावर १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याचा धर्म तोच बायकोचा धर्म, हे गणित त्यांनी मानले नाही. ज्यांचे औपचारिक शिक्षण नव्हते अशा या स्त्रीने 'स्मृतिचित्रे' लिहिली आणि टिळकांच्या मृत्यूनंतर त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य पूर्ण केले. त्यातील बहुतांश अध्याय लक्ष्मीबाईंचे आहेत. या दोघींची नावे मराठी मंडळ्यांत अभिमानाने घेतली जातात, त्यांच्या पुण्यतिथ्या पाळल्या जातात. परंतु कोणताही समाज आपल्या थोर स्त्रियांच्या तसबिरी भिंतीवर लावून त्यांच्या लेकींना खालच्या सतरंजीवर बसवू शकतो.

फुकटच्या श्रमांचे अर्थशास्त्र

या प्रश्नाकडे धर्मशास्त्राच्या बाजूने नेहमी पाहिले जाते; अर्थशास्त्राच्या बाजूने क्वचितच. २००१ च्या जनगणनेत देशातील ख्रिस्ती स्त्रियांचे साक्षरतेचे प्रमाण ७६.२ टक्के होते, तर सर्व भारतीय स्त्रियांचे ५३.७ टक्के. २०११ साली देशात दर हजार पुरुषांमागे ९४३ स्त्रिया होत्या. ख्रिस्ती समाजात १०२३. म्हणजे हा समाज मुलींना जगवितो, शिकवितो, नर्स आणि शिक्षिका म्हणून नोकरीला पाठवितो. स्त्रीशिक्षणावर एवढे भांडवल गुंतविलेल्या समाजाने त्या भांडवलाचा उपयोग स्वतःच्या संस्थांच्या कारभारात मात्र करून घेऊ नये, हा निव्वळ आर्थिक दृष्टीनेही तोट्याचा व्यवहार आहे. शाळेत वर्षभर हजेरीपट आणि शुल्काचा हिशेब चोख ठेवणाऱ्या शिक्षिकेकडे मंडळीचे खजिनदारपद सोपविण्याचे कोणास सुचत नाही आणि ते पद ज्याला जमाखर्च नीट मांडता येत नाही अशा गृहस्थाकडे वर्षानुवर्षे राहते.

दुसरी बाब श्रमांची. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत असे आढळले की, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि घरकामात हात घालणारे पुरुष ९७ मिनिटे. देवालयाची स्वच्छता, सणाचा स्वयंपाक, आजाऱ्यांच्या भेटी, दुःखाच्या घरी रात्र काढणे, ही या पाच तासांवरची भर होय. मिशनच्या काळात 'बायबलबाई' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्त्रियांनी घरोघरी, माजघरापर्यंत जाऊन वाचन-शिक्षणाचे काम केले. जेथे पुरुष उपदेशकाचा पाय पोचणे शक्य नव्हते तेथे त्या पोचल्या. पण दीक्षेची पायरी त्यांच्यासाठी नव्हती. आज पाळकाच्या पत्नीची स्थिती याच्याशी मिळतीजुळती आहे. 'पाळकीणबाई' म्हणून तिने महिला मंडळ चालवावे, संडे स्कूल पाहावे, पाहुण्यांची उठबस करावी, अशी मंडळीची अपेक्षा असते. वेतन एकाला दिले जाते आणि काम दोघांकडून घेतले जाते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण ईशान्य भारतात पाहावयास मिळते. मिझोरममधील प्रेस्बिटेरियन मंडळ्यांत १९१० पासून 'बुहफाई थाम' नावाची प्रथा चालत आली आहे. प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी घरची स्त्री तांदळातून एक मूठ बाजूला काढते, महिला तो तांदूळ गोळा करतात, आणि विक्रीचे उत्पन्न मंडळीच्या कार्याला जाते. एका मुठीतून उभा राहिलेला हा निधी त्या धर्मपीठाचा मोठा आधार ठरला आहे. परंतु तांदळाची मूठ देणाऱ्या स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा देण्याचा प्रश्न तेथे दशकानुदशके पुढे ढकलला जात राहिला. आपल्याकडे कापणीच्या सणाला अर्पण होणारी पायली-दोन पायली ज्वारी, तूर, कोंबडी, घरचे लोणचे यांमागचे हात कोणाचे असतात, हे सांगावयास नको. भांडवल पुरविणाऱ्याला कारभारात काहीच आवाज न देणारी व्यवस्था व्यवहारात कोणी न्याय्य मानणार नाही. मंडळीत मात्र ही गोष्ट भक्ती या नावाखाली खपून जाते.

कायद्याने काय दिले

राज्यसंस्थेचा अनुभव येथे उपयोगी पडतो. १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्यानुसार ख्रिस्ती नवऱ्याला केवळ पत्नीच्या व्यभिचाराच्या कारणावरून घटस्फोट मिळत असे. पत्नीला मात्र नवऱ्याच्या व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता, परित्याग यांसारखे आणखी एखादे कारण सिद्ध करावे लागे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने हा भेद घटनाबाह्य ठरविला आणि २००१ साली संसदेने कायद्यात दुरुस्ती केली. त्या वेळी स्त्री-संघटनांबरोबर अनेक ख्रिस्ती संस्थांनीही सुधारणेची मागणी केली होती, हे त्यांच्या श्रेयाचे आहे. पण मूळ अन्याय दूर होण्यास १३२ वर्षे लागली, हेही विसरता येत नाही.

वारसाहक्काबाबत महाराष्ट्रातील ख्रिस्ती स्त्री तुलनेने सुदैवी आहे. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता नवरा वारला आणि मुलेबाळे असली, तर विधवेला एक-तृतीयांश आणि उरलेला भाग मुलगे व मुली यांना समान मिळतो. केरळातील ख्रिस्ती स्त्रियांना हाच हक्क मिळविण्यासाठी मेरी रॉय यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढावे लागले आणि १९८६ साली त्यांना यश आले. राळेगावच्या ख्रिस्ती मुलीला हा हक्क कायद्याने आधीपासूनच आहे. तो वापरला जातो का, हा प्रश्न वेगळा. इतर सर्व समाजांतील बहिणींप्रमाणे तिच्याही पुढे भाऊ हक्कसोडपत्र ठेवतो, माहेर तुटू नये म्हणून ती सही करते, आणि कायदा पुस्तकात राहतो. कायद्याने मिळालेला हक्क आणि हातात आलेला हक्क यांत केवढे अंतर असते, हे यावरून कळते. मंडळीच्या नियमावलीचेही नेमके असेच झाले आहे.

दारे उघडली, पण उंबरा उरला

नियमांच्या बाबतीत गेल्या अर्धशतकात पुष्कळ घडले आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. तेथे स्त्रियांच्या दीक्षेचे तत्त्व मान्य झाले असून २०२४ साली ओरिसातील फुलबनीच्या धर्मप्रांतासाठी व्हायोलेट नायक यांच्या रूपाने पहिली स्त्री-बिशप त्याला लाभली. दक्षिण भारताच्या एकीकृत चर्चमध्ये ही गोष्ट २०१३ साली आंध्र प्रदेशातील नंद्यालच्या बिशप पुष्पललिता यांच्या नेमणुकीने घडली होती. रोमन कॅथलिक धर्मपीठात स्त्रियांना धर्मगुरूपद नाही, आणि १९९४ साली तत्कालीन पोप जॉन पॉल दुसरे यांनी ही भूमिका ठामपणे पुन्हा मांडली. तथापि तेथेही भारतीय बिशपांच्या परिषदेने २०१० साली स्त्री-पुरुष समतेचे लेखी धोरण जाहीर केले, २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी उपासनेतील वाचक आणि वेदीसेवक ही पदे स्त्रियांना औपचारिकपणे खुली केली, आणि २०२३ च्या रोममधील धर्मसभेत स्त्रियांनी प्रथमच मतदान केले.

जागतिक पातळीवरचा बदल याहून डोळ्यांत भरणारा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ साली, हाँगकाँगच्या बिशपांनी फ्लॉरेन्स ली टिम-ओई यांना अँग्लिकन धर्मोपदेशकपदाची दीक्षा दिली. युद्ध संपताच एवढा गहजब झाला की, त्यांना पदाचा अधिकार वापरणे सोडून द्यावे लागले. इंग्लंडच्या चर्चने १९९४ साली स्त्रियांना दीक्षा दिली, २०१५ साली पहिली स्त्री-बिशप नेमली, आणि २०२५ साली कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी पूर्वाश्रमीच्या परिचारिका सेरा मुलाली यांची निवड झाली. ज्या धर्मपीठाच्या बिशपांना रमाबाईंनी चार पुरुषांना शिकविणे मान्य नव्हते, त्याच धर्मपीठाच्या सर्वोच्च आसनासाठी १४० वर्षांनी एक स्त्री निवडली गेली.

परंतु बिशपचे आसन आणि राळेगावसारख्या गावातील मंडळीची कमिटी यांमध्ये फार लांबचा रस्ता आहे. वरच्या एका आसनावर स्त्री बसल्याने खालच्या शंभर बैठकांतील खुर्च्या आपोआप भरत नाहीत. इंदिरा गांधी पंतप्रधान असतानाही ग्रामपंचायतींत पुरुषांचेच राज्य होते, हे कोणास ठाऊक नाही? म्हणून दीक्षेचा प्रश्न महत्त्वाचा असला, तरी सामान्य स्त्रीच्या दृष्टीने आधीचा प्रश्न वहीचा, किल्लीचा आणि सहीचा आहे. जमीन, इमारत, शाळा, अर्पण यांविषयीचे निर्णय ज्या टेबलाभोवती होतात तेथे तिला बसू दिले जात नाही, तोवर व्यासपीठावरून वाचलेल्या समतेच्या ठरावांना शोभेपलीकडे मोल नाही.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप शास्त्राचा. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे आणि तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात त्यांनी पुरुषांना शिकवू नये, असे सांगितले आहे, हे खरे. पण त्याच करिंथच्या पत्रात आधी एके ठिकाणी स्त्रिया प्रार्थना आणि संदेश देतात हे गृहीत धरून त्याविषयी सूचना केल्या आहेत. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी हिची शिफारस केली आहे, प्रिस्का हिला सहकारी म्हटले आहे, यूनियाचा गौरव केला आहे. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ताच्या ठायी स्त्री आणि पुरुष हा भेद उरत नाही, असे स्पष्ट प्रतिपादन आहे. चारही शुभवर्तमानांनुसार पुनरुत्थानाची पहिली वार्ता मग्दालीया मरीया आणि तिच्या सोबतिणींनी आणली. कोणती वचने नियम मानावयाची आणि कोणती त्या त्या काळापुरती समजावयाची, याची निवड प्रत्येक मंडळी करीतच असते. सोन्याचे दागिने आणि वेण्यांविषयीची वचने आज कोण पाळतो? शिवाय खजिनदाराने कोण असावे याविषयी शास्त्रात मुळी निषेधच नाही. शिष्यांची थैली सांभाळणारा पुरुष होता आणि त्याचे नाव यहूदा होते, एवढे आठवले तरी पुरे.

दुसरा आक्षेप असा की, बायका स्वतःच पुढे येत नाहीत. यात तथ्य आहे; पण ते कारण नसून परिणाम आहे. बैठक रात्री आठ वाजता, स्वयंपाकाच्या वेळी ठेवावयाची, दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत वेचणीच्या ऐन हंगामात दिवसा ठेवावयाची, आणि मग बाई आली नाही म्हणून तिला दोष द्यावयाचा, ही रीत ग्रामसभेतही आरंभी होती. तेथे ती मोडावी लागली.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आपण संख्येने थोडे आहोत, काळ अनुकूल नाही. घरातील भांडण चव्हाट्यावर नेल्यास त्याचा गैरफायदा दुसरे घेतील, असे अल्पसंख्य समाजातील विचारी माणसे म्हणतात. या भीतीला आधार नाही असे नाही. अल्पसंख्य समाजातील स्त्रीचा प्रश्न हाती धरून समाजालाच झोडपण्याचा उद्योग या देशात पुष्कळदा झाला आहे. पण याचा निष्कर्ष उलट निघावयास हवा. ज्या समाजाने आपला अन्याय आपणच दूर केला, त्याला बाहेरून शिकविण्याची सवड कोणास राहत नाही. संख्येने थोडे असलेल्या समाजाने आपले अर्धे मनुष्यबळ बाजूला बसवून ठेवणे हे तर दुहेरी नुकसानीचे आहे.

पहिली पावले

उपाय मोठे नाहीत, खर्चाचे तर मुळीच नाहीत. मंडळीच्या कमिटीत निदान एक-तृतीयांश, आणि पुढे निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखून ठेवाव्यात. महिला मंडळाची एक प्रतिनिधी घेऊन भागविले, असे मानू नये. बँकेतील खात्यावर दोन सह्या लागतात, त्यांतील एक स्त्रीची असावी. महिला मंडळाने जमविलेला निधी कशावर खर्च व्हावा हे महिला मंडळानेच ठरवावे. बैठकीची वेळ स्त्रियांना विचारून ठरवावी. पाळकाच्या पत्नीकडून काम घ्यावयाचे असेल तर तिला मानधन द्यावे, अन्यथा तिला तिच्या नोकरीत किंवा घरात सुखाने राहू द्यावे. धर्मशास्त्राची पदवी घेतलेली मुलगी गावात असेल तर तिला वर्षातून एकदा महिला-दिनाच्या उपासनेपुरते न बोलावता नेहमीच्या रविवारी बोलवावे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या शाळा-दवाखान्यांत २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. मिशनच्या संस्था यास अपवाद नाहीत.

यांपैकी एकाही गोष्टीसाठी सिनॉडच्या ठरावाची किंवा परदेशातील परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही. मंडळीची वार्षिक सभा ती करू शकते. सभासदांच्या यादीत स्त्रियांची नावे आहेतच आणि बहुतेक ठिकाणी मतदानाचा हक्कही आहे. त्या हक्काचा वापर केल्यास कोणाचा मान जाणार नाही की कोणाची श्रद्धा ढळणार नाही. फार झाले तर वर्षाचा जमाखर्च सभेपुढे वाचण्यास एखादी शिक्षिका उभी राहील, आणि तिने वाचलेल्या आकड्यांवर मागच्या बाकावरची एखादी मजूर बाई प्रश्न विचारील. त्या प्रश्नाला उत्तर देणे ज्यांना जड वाटेल, त्यांना आजची व्यवस्था का प्रिय आहे, हेही त्याच सभेत समजून येईल.